उलाढाल

काकू आल्या तेव्हा लाइन गेलेली होती. झेरॉक्स मशीन गप्प, पंखा गप्प, आणि मी जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याने वारा घेत काउंटरमागे बसलेलो. चैत्र संपत आला की आमच्या हिंगणघाटकडे दुपारी एक ते चार रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. अशा उन्हात डोक्यावरून पदर घट्ट ओढून कोणी दुकानाची पायरी चढलं, की काम तातडीचं असणार हे कळतंच. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. माठातलं पाणी दिलं, ते मात्र सगळं प्यायल्या. मग पेला उलटा ठेवत म्हणाल्या, "बाबू, थे मोबाइलमधलं काढून टाकता येते काय रे?" मला वाटलं, आधारला जोडलेला नंबर. म्हटलं, "कोणतं, काकू?" तर म्हणाल्या, "माह्यं. तू लिवलं नाई काय, थे."

आठ दिवसांपूर्वी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी त्यांच्या लाकडी घाण्याचा फोटो टाकला होता. हातात जवसाच्या तेलाची बाटली, मागे तुळस, चेहऱ्यावर फोटो काढताना येतं तसं अवघडलेलं हसू. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'आपल्या गावच्या घाण्याची वर्षभरात दोन लाखांची उलाढाल!' उद्गारचिन्ह माझंच. अंगठे आले, फुलं आली, टाळ्या आल्या. पुण्याला आयटीत असलेल्या आमच्या पोट्ट्यांनी 'प्राउड ऑफ यू काकू' असं लिहिलं. एरवी ही मंडळी पोळ्याच्या शुभेच्छांनाही उत्तर देत नाहीत. मीही रात्री उशिरापर्यंत ते अंगठे मोजत पडलो होतो. खोटं कशाला सांगू.

काकू रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी नुसतं सांगितलं, किराण्याची यादी सांगावी तसं. बचत गटातल्या बाया म्हणाल्या, आता हप्ता एकदम भरून टाक. दीर पाच वर्षं घराकडे फिरकला नव्हता, तो चहाला आला आणि जाताना घाण्याची जागा सामाईक आहे याची आठवण देऊन गेला. तीन जणांनी उसने मागितले. आणि ज्यांच्याकडे तेलाची उधारी होती ते म्हणायला लागले, तुमाले आता काय कमी हाय. "लोकायले वाटते, दोन लाख माह्या पेटीत हायेत," काकू म्हणाल्या. "मीनं पेटी उघडून दाखवू काय आता एकेकाले?"

मी मोबाइल काढला. 'सगळ्यांसाठी काढून टाका' हा पर्याय दोन-अडीच दिवसच राहतो. त्यानंतर तुमचा मजकूर फक्त तुमच्याच फोनमधून जातो.

काकूंना हे कसं सांगायचं तेच कळेना.

शिवाय तोवर ते पुढे गेलं होतं. शेजारच्या दोन गावांच्या ग्रुपवर, तालुक्याच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर, आणि का कोण जाणे, एका वधू-वर सूचक ग्रुपवरही. काकूंचा मुलगा लग्नाचा आहे, म्हणून असेल. त्या स्थळांनी पेटीत किती लाख धरले असतील, देव जाणे.

रोज रात्री दुकानाचं शटर ओढलं की ग्रुपवर दोन गोष्टी टाकायच्या, ही माझी सवय. एक विज्ञानाची, एक आपल्या भागातल्या धंद्या-व्यापाराची. ही सवय लागली 2020 च्या जूनमध्ये. टाळेबंदीत दुकान अर्धं बंद, आणि ग्रुपवर नुसता कचरा वाहत होता. आज रात्री मंगळावरून घातक किरणं येणार आहेत, साडेबारा ते साडेतीन मोबाइल दूर ठेवा. आपल्या राष्ट्रगीताला युनेस्कोने जगात पहिला नंबर दिला, याची तर दर सहा महिन्यांनी पुनरावृत्ती. अशात लोणारचं पाणी गुलाबी झालं. बुलढाणा काही आम्हाला जवळ नाही, पण विदर्भातलं म्हणजे आपलंच. कोणी म्हणालं शाप, कोणी म्हणालं करोनाचीच लक्षणं. माझं बीएस्सी दुसऱ्या वर्षाला सुटलेलं. सुटलेलं शिक्षण माणसाच्या अंगात कुठेतरी वळवळत राहतं. शोधून शोधून वाचलं आणि लिहून टाकलं: उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला, आणि खारात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव माजले, गुलाबी रंग त्यांचा. पुण्याच्या आघारकर संस्थेत नमुने तपासले, तेव्हा तो गुलाबी गाळ बाटलीच्या तळाशी बसला आणि वरचं पाणी नितळ दिसायला लागलं. गावातल्या एका म्हाताऱ्याने मला रस्त्यात थांबवून विचारलं होतं, "म्हंजे पाणी तं पाण्यासारखंच होतं म्हन!" त्या एका वाक्यावर मी जवळजवळ सहा वर्षं फुकट मजकूर टाकत आलो आहे.

धंद्याच्या बातम्या नंतर सुरू झाल्या. आमच्या बाजूच्या समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते मी बऱ्याच उशिरा टाकलं, तर खाली एकच प्रश्न: "भाव किती वाढला मंग?" गेल्या वर्षी, म्हणजे 2025 च्या पोळ्याच्या तोंडावर, केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं. मी 19 ऑगस्टलाच टाकलं. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर एक जण माझ्याकडे अशा नजरेने पाहत होता, की शुल्क मीच सही करून काढलं असावं. आणि पुढे ती मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढली, ती टाकायची माझी हिंमतच झाली नाही. शेवटी दुसऱ्याच कोणीतरी टाकली.

कधी कधी मात्र गंमत येते. गुलाबी बोंडअळीच्या कामगंध सापळ्यांबद्दल लिहिलं होतं: सापळ्यात मादीच्या वासाची गोळी असते, नर पतंग फसून येतो, लागोपाठ तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले तर फवारणीची वेळ आली असं समजायचं. त्यावर बाया इतक्या हसल्या की आठ दिवस मला 'वासवाला' म्हणत होत्या. पण एका शेतकऱ्याने दुकानात येऊन विचारलं, "नर पकडून काय फायदा, मादी तं वावरातच बसून हाय." प्रश्न बरोबर होता. मी सांगितलं, एकरी दोन-चार सापळे अळी मारायला नसतात, मोजायला असतात. वावरात काय चाललंय ते कळावं म्हणून. तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. म्हणाला, "म्हंजे आठ हा आकडा पतंगायचा नाई, वावराचा हाय." हे मला कधी असं सुचलं नसतं. त्या हंगामात त्याने सापळ्यांची नोंद पोराच्या वहीत ठेवली होती, आणि ती वही झेरॉक्स काढायला माझ्याकडेच आणली.

माझ्या हातून चुकलेल्या बातम्याही काही कमी नाहीत. 2 एप्रिल 2022, गुढीपाडवा. पुरणपोळी अंगावर आलेली, गुढी नुकतीच उतरवलेली, आणि मी गच्चीवर आडवा. आठच्या आधीची वेळ असेल. उत्तरेकडून तांबूस-पिवळ्या शेपट्यांची एक रांग आकाशात सरकत गेली, एकही आवाज न करता. खाली गल्लीत भांडी घासणाऱ्या बाया तशाच हातात राख घेऊन उभ्या राहिल्या. तेव्हा युक्रेनचं युद्ध नुकतंच पेटलं होतं, त्यामुळे ग्रुपवर पाच मिनिटांत क्षेपणास्त्र पडलं होतं. मी मोठ्या आत्मविश्वासाने टाकलं, 'घाबरू नका, हा उल्कावर्षाव आहे.' दोनशे लोकांनी वाचलं आणि निवांत झोपले.

उल्का नव्हती ती. उल्का डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात जाते. हे बराच वेळ, जवळजवळ आडवं, तुटत तुटत गेलं होतं. अवकाशातून परत येणारा कचरा असाच येतो. माझ्या डोळ्यांनी ते पाहिलं होतं, तरी लिहिताना मी पाहिलेलं सोडून आठवलेलं लिहिलं. दुसऱ्या दिवशी कळलं, चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीच्या शिवारात धातूची एक भलीमोठी कडी पडली आहे, अडीच-तीन मीटर व्यासाची. आसपास धातूचे गोळेही सापडले. फेब्रुवारी 2021 मध्ये चीनने सोडलेल्या लाँग मार्च जातीच्या रॉकेटचा तो भाग, असं जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञाने सांगितलं. आमच्या विदर्भाच्या वाट्याला विकास येतो तोही असाच, कुठून तरी सुटलेला आणि मध्येच तुटलेला. पण तो विषय वेगळा. मी दुरुस्ती टाकली. ती चौदा जणांनी वाचली. बाकीच्यांसाठी त्या पाडव्याला उल्काच पडल्या.

आणि त्याचं कोणालाच काही वाटलं नाही. मलाही नाही. रॉकेट काही माझ्या पायरीवर उन्हातून चालत आलं नाही, लोणारच्या त्या जीवांनी 'आमचं काढून टाक' म्हटलं नाही. चुकलं तर चुकलं, दुरुस्त केलं, झोपलो. काकू पाणी पिऊन निघून गेल्यावर मी तसाच बसून राहिलो. लाइन आली, मशीन घरघरलं, पंखा फिरायला लागला, तरी पुठ्ठा हातातच होता. कारण एक गोष्ट काकूंनी मला विचारलीच नव्हती, आणि मी त्या विचारतील म्हणून आतून घट्ट झालो होतो. ती म्हणजे, दोन लाखांचा आकडा मला मिळाला कुठून?

फोटोला त्यांनी हो म्हटलं होतं. आकडा त्यांनी मला कधी सांगितलाच नव्हता. तो मी टाइप केला होता. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत यंत्रावर पस्तीस टक्के अनुदान मिळत होतं, त्याचा अर्ज भरायला त्या फेब्रुवारीत आल्या होत्या. पिशवीत जवस खरेदीच्या चिठ्ठ्या, विजेची बिलं, विक्रीची वही. सगळं काउंटरवर ओतून म्हणाल्या होत्या, "पाय बापा तूच, मले काई समजत नाई त्यातलं." मी जोडत गेलो, वार्षिक उलाढालीच्या चौकटीत आकडा आला, आणि तो माझ्या डोक्यात बसला. बातमीला शोभेल असा गोल आकडा. एप्रिलमध्ये एका रात्री टाकायला धंद्याचं काही नव्हतं, तेव्हा तो वर आला.

माझे बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. दिवाळीपासून होळीपर्यंत ते आम्हाला फक्त रात्री दिसायचे, आणि तेव्हा त्यांच्या भुवया, मिशा, कानावरचे केस रुईच्या तंतूंनी पांढरे झालेले असायचे. चाळिशीतला माणूस रोज संध्याकाळी सत्तर वर्षांचा होऊन घरी यायचा आणि आंघोळ करून पुन्हा चाळीसचा व्हायचा. शाळेला सुट्टी असली की मी डबा घेऊन जात असे. बाहेर बैलबंड्यांची रांग लागलेली, कापूस पालाच्या वर फुगून आलेला, बैल सोडून जुवाशी बांधलेले, शेण-कापसाचा तो कोंदट गोडसर वास, आणि आतून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांचा असा आवाज की माणसं एकमेकांच्या कानात ओरडून बोलायची. भरली बंडी काट्यावर चढे. बाबा आकडा लिहीत. मग ती कापसाच्या गंजीकडे जाऊन रिकामी होऊन परत येई आणि पुन्हा काट्यावर चढे. वजाबाकी केली की कापूस उरे. काही बहाद्दर भरल्या बंडीत तळाशी दगड घालून आणत आणि रिकामी करताना हळूच उतरवत. बाबा खाली वाकून चाकांमधून पाहत, काही बोलत नसत, नुसतं खोकत. तो खोकला पुरे होई. मला तेव्हा कंटाळा यायचा तो याचा, की प्रत्येक बंडी दोनदा का मोजायची? मागच्या वर्षी मोजलेलीच आहे ना ती? बाबा म्हणाले, पाऊस पितं लाकूड. दर वर्षी बंडी वेगळी असते.

काकूंच्या दोन लाखांत जवस विकत घेतल्याचे पैसे होते, वीज होती, बाटल्या होत्या, बाटल्यांवरची लेबलं होती आणि ती छापण्याचे पैसे माझ्याच गल्ल्यात गेले होते. दिवसभर चाळणाऱ्या बाईची मजुरी होती. तेल काढून उरलेली ढेप गोठेवाल्याला उधार गेली होती. हे सगळं मी स्वतः जोडलं होतं. उलाढाल म्हणजे नफा नव्हे हे मला पक्कं माहीत होतं, आणि वाचणाऱ्यांतल्या निम्म्यांना ते माहीत नाही हेही माहीत होतं. मी भरली बंडी काट्यावर चढवली आणि आकडा गावभर ओरडून सांगितला. काट्यावरच्या माणसाच्या पोराने.

अजून एक आठवतं. वजनाची चिठ्ठी फाडली की बाबा तिची दोनदा घडी घालत आणि मग शेतकऱ्याच्या हातात देत. मागे रांगेत उभी असलेली माणसं माना लांब करून पाहत असायची, कोणाचा किती भरला. मी एकदा विचारलं, एवढी गर्दी आहे, घडीत कशाला वेळ घालवता? ते म्हणाले, "त्याच्या बायकोले पहिले कळू दे." एवढंच. मला वाटलं होतं, विनोद केला.

त्यानंतर महिनाभर मी धंद्याचं काहीच टाकलं नाही. फक्त आकाश टाकलं. मेच्या शेवटी आपल्याकडे सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली जाते. आमच्या अक्षांशावर 23 मेच्या आसपास, बारा वाजून दहा-बारा मिनिटांनी. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे वर्षातून दोनदा हे होतं, पण दुसऱ्यांदा जुलैत, तेव्हा ढग असतात. यात कोणाचं काय बिघडणार? ग्रुपवरच्या दोघा-तिघांनी 'धंद्याची बातमी काहून बंद केली?' असं विचारलं. एका पोराने नुकतंच मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकलं होतं, त्याला मी लिहावंसं वाटत होतं. तो दोनदा चक्कर मारून गेला. गप्प बसणंही काही फार सोवळं नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं. काकूंची उधारी अडकली हे खरं, पण त्याच पोस्टमुळे नागपूरच्या एका दुकानाने महिन्याला वीस बाटल्या मागवल्या होत्या, हेही मला दुसऱ्याकडूनच कळलं. काकूंनी ते मला सांगितलं नव्हतं. शहाण्या झाल्या होत्या.

लेबलांचा नवा गठ्ठा घेऊन मी त्याच आठवड्यात एका दुपारी त्यांच्याकडे गेलो. अंगणात पोरांनी स्टीलचे ग्लास, एक पीव्हीसीचा तुकडा आणि बॅट उभी करून ठेवली होती, आणि सावली कुठे गेली म्हणून पालथी पडून शोधत होती. घाणा सुरू होता. ताज्या जवसाच्या तेलाला एक हिरवट, जरा कडसर वास असतो. लहानपणी झुणक्यावर त्याची धार धरली की तो वास नाकात जायचा आणि मी ताट ढकलायचो. आता त्याच तेलात निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं, ओमेगा-3 म्हणतात त्यातलं, असं मी ग्रुपवर लिहिलं होतं. ते वाचून एक जण काकूंना विचारायला आला होता, बीपीची गोळी सोडू काय? काकूंनी त्याला वाटेला लावलं: "तेलबी खा न गोळीबी खा." मी न लिहिलेला भाग असा की याच आम्लामुळे हे तेल हवा लागली की लवकर खवट होतं, रंगारी लोक जवसाचं तेल वापरतात ते त्यामुळेच, हवेतला ऑक्सिजन घेऊन ते घट्ट वाळतं. काकूंना हे आम्ल-बिम्ल माहीत नाही. बाटल्या त्या पहिल्यापासून गडद काचेच्या घेतात आणि अंधाऱ्या खोलीत ठेवतात, सासूने सांगितलं म्हणून.

मी ओट्यावर बसलो. माफी मागायची होती, पण आमच्याकडे मोठ्या माणसाची माफी कशी मागतात ते कोणी शिकवत नाही. माणूस जाऊन बसतो, पाणी पितो, जनावरांची चौकशी करतो. म्हटलं, "काकू, त्या आकड्याचं..." त्या म्हणाल्या, "सोड न बापा." मग थोड्या वेळाने, घाण्यातलं जवस हाताने खाली करत म्हणाल्या, "त्या मोटरवाल्या पोट्ट्याचं लिव. गरीबाचं लेकरू हाय. दुकान कुठी हाय थे लिव, कायचं हाय थे लिव. बस." पुढचं त्यांनी म्हटलं नाही.

एक बाई अर्धा किलो तेल घ्यायला आली, रिकामी बाटली घेऊन. काकूंनी बाटली इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली, बटण दाबलं, आकडा शून्यावर आला, मग गाळणीतून तेलाची बारीक धार सोडली. मी पाहत होतो. त्यांचं सगळं लक्ष धारेवर होतं. मध्येच, मान वर न करता, त्यांनी विचारलं, "तुह्यी थे चीनची कडी पडली होती नाई काय, चांद्याकडे... थे कोणाची मानतेत आता? आपली का त्याइची?"

मी सांगितलं, 1967 चा करार आहे, आकाशातून पडलेली वस्तू ज्याने पाठवली त्याचीच राहते.

"मंग आला काय मालक, घ्यायले?"

"ऐकलं नाई बा."

"बरं हाय तुह्यं," काकू म्हणाल्या, आणि बाटलीला बूच लावून त्या बाईला उरलेले सुटे पैसे मोजून देऊ लागल्या.